खुर्चीतला माणूस

कांदळखारला समुद्र गावापेक्षा उंच होता. बंधावर उभं राहिलं की एका हाताला खाडीचं पाणी दिसे आणि दुसऱ्या हाताला, बरीच खाली, घरांची छपरं. पाहुण्यांना ते बघून धडकी भरायची. गावातल्या पोरांना त्याचं काही नव्हतं. समुद्र वर असतो आणि माणसं खाली राहतात, अशीच त्यांची समजूत होती.

बंधाला दोन उघाड्या होत्या. उघाडी म्हणजे बंधातला दरवाजा. भरती ओसरली की तो उघडायचा, आतलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि पुढची भरती चढायच्या आत लावून घ्यायचा. पणजोबांच्या काळी तो फळ्यांचा असे. आता तो पोलादी होता आणि चौकीतलं बटण दाबलं की सरकत असे. एक उघाडी मोठ्या आळीच्या अंगाला, दुसरी शेवरपाड्याच्या. दोन्ही वस्त्यांच्या मधून एक आडवा बांध गेला होता, त्यामुळे इकडचं पाणी तिकडे जात नसे.

समुद्र चढल्यापासून एक नवं संकट येऊ लागलं होतं. अमावास्येचं उधाण, वादळी वारा आणि डोंगरातून उतरलेला नदीचा लोंढा, हे तिन्ही एका वेळी आले की बंधावर इतका दाब येई की तो मधोमध फुटायला बघे. बंध फुटला तर दोन्ही वस्त्या गेल्या. तो वाचवायचा उपाय एकच होता. भर भरतीत एक उघाडी उघडायची आणि पाणी मुद्दाम एका बाजूला आत घ्यायचं. मग दाब उतरतो, बंध टिकतो. एक वस्ती बुडते, एक राहते.

कुठली बुडवायची, हे यंत्राने झटक्यात सांगितलं असतं. पण यंत्राने माणसाचं घर बुडवायचं नाही असा कायदा झाला होता. शेवरपाडा लहान, म्हणून तोच बुडवा, असं आधीच लिहून ठेवायलाही कोर्टाने मनाई केली. पाळण्यातल्या पोराच्या कपाळी असं काही सरकारने लिहायचं नाही, असं न्यायाधीश म्हणाले. तेव्हा त्या त्या वेळी, कुठे किती माणसं आहेत ते बघून, माणसानेच बटण दाबायचं. त्या माणसाला गावात जुन्या शब्दाने राखण्या म्हणत.

राखण्या निवडायची रीतही जुनीच होती. राखण्या मोठ्या आळीचा असेल तर त्याची सख्खी बहीण शेवरपाड्यात दिलेली हवी. शेवरपाड्याचा असेल तर बहीण मोठ्या आळीत हवी. ज्याचं रक्त दोन्हीकडे आहे, तो पाण्याला वाट देताना दोन्हीकडे बघेल, असा त्यामागचा विचार. जितेश घरत मोठ्या आळीत राहत होता आणि त्याची थोरली बहीण नयना शेवरपाड्यात दिलेली होती. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलेलं. यंत्रांची त्याला माहिती होती, दारू पीत नव्हता. गावाने त्याचं नाव पुढे केलं.

पण नुसतं नाव पुढे करून आता भागत नव्हतं. खाडीपलीकडच्या एका गावातला राखण्या ऐन वेळी दोन बटणांवर दोन हात ठेवून उभा राहिला होता आणि त्याने एकही बटण दाबलं नव्हतं. बंध फुटला. ते गाव आता नकाशावर नाही. तेव्हापासून प्रत्येक राखण्याला कसोटीपट बघावा लागे. त्यासाठी शहरातून डॉक्टर गार्गी टिळेकर आल्या होत्या.

"पिक्चरच ना?" जितेश म्हणाला. "मग मला कळणारच की पिक्चर आहे म्हणून. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तुमच्याकडे नाटकं होतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दर वर्षी. मागल्या खेपेला मी खलनायक होतो."

"वा! काय केलंत?"

"नायिकेचा गळा दाबला. बाया बसल्या जागेवरून शिव्या घालत होत्या."

"आणि तुमच्या घरच्यांना काय वाटलं? माणूस खुनी झाला?"

"छे! ताई पुढेच बसली होती. ओरडली, हळू दाब रे, म्हात्र्यांची पोर आहे."

डॉक्टर मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, "तेच सांगायचंय मला. कितीही रडवणारा खेळ असू दे, बघणाऱ्याच्या मनात एक जण शांतपणे खुर्चीत बसलेला असतो. तो सारखा सांगत असतो की हे खरं नाही, आता दिवे लागतील, आपल्याला घरी जायचंय. नाटक करणाऱ्याच्या मनातही तो असतो. मेंदूत कपाळाच्या मागे त्याची एक लहानशी जागा आहे. पट दाखवताना डोक्याला घालतो ती आमची टोपी तेवढ्या जागेला गुंगी देते. बाकीचा मेंदू टक्क जागा. खुर्चीतला माणूस तेवढा बाहेर गेलेला."

"मग मला खरंच वाटणार?"

"वाटणार नाही. तुमच्यापुरतं ते खरंच असणार. तुम्ही गुपचूप उभे राहता की हात चालवता, ते आम्हाला तेव्हाच कळतं."

"आणि संपल्यावर?"

"संपल्यावर तो परत येऊन खुर्चीत बसतो."

इथवर सगळं बेताने चाललं होतं. घोटाळा गावाने केला. कसोटी चौकीत घ्यायची आणि तिचा निकाल फक्त डॉक्टरांनी बघायचा, असा नियम होता. पण गावसभेत हसुराम म्हात्रे काठी आपटत उभे राहिले. ते गावात सगळ्यांत म्हातारे.

"बंधाचं काम चार भिंतींआड कधी झालंय का?" ते म्हणाले. "चिखलाची पाटी टाकायची तर घरटी एक माणूस लागतो, सगळ्यांच्या देखत. आणि राखण्या निवडायचा तो आम्ही न बघता? पिक्चर सगळं गाव बघेल."

"आजोबा, ही करमणूक नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणून तर बघायचाय. करमणूक टीव्हीवर पुष्कळ आहे."

डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं, पण गाव हटलं नाही. शेवटी त्यांनी मान डोलावली. जितेशने सकाळी कसोटी दिली आणि संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पडदा लागला. बायका पाट घेऊन आल्या, कुणी भाजलेल्या शेंगा आणल्या.

पडद्यावर चौकी दिसत होती, जितेशच्या डोळ्यांतून. समोर तापफलक होता. गावात जिथे जिथे माणसाच्या अंगाची ऊब असेल तिथे त्याच्यावर एक लाल ठिपका उमटे. मोठ्या आळीत ठिपकेच ठिपके. शेवरपाड्यात मूठभर. बाहेर वारा घोंघावत होता, बंध थरथरत होता. लोकांच्या शेंगा हातातच राहिल्या. जितेशचा हात शेवरपाड्याच्या बटणाकडे गेला आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोनवर नाव होतं, ताई. पडद्यावरच्या जितेशने ते नाव वाचलं, फोन पालथा घातला आणि बटण दाबलं. फोन पालथाच वाजत राहिला. मग एकेक ठिपका विझत गेला आणि कुणीतरी गुरासारखं ओरडू लागलं. तो जितेशचाच आवाज होता. टोपी काढली तेव्हा तो जमिनीवर पडून रडत होता, तेही चौकीतल्या कॅमेऱ्याने टिपलेलं लोकांनी बघितलं.

"राखण्या मिळाला," हसुराम म्हणाले.

मोठ्या आळीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवरपाड्याची माणसं वाजवत नाहीत हे ध्यानात आलं, तेव्हा त्या आपोआप थांबल्या.

नयना पाट काखेत घेऊन भावापाशी आली.

"मला बुडवलंस त्याचं काही नाही," ती म्हणाली. "डोकी मोजून बुडवलंस, दुसरं काय करणार? पण फोन का नाही उचललास?"

"ताई, पिक्चर होता तो."

"तुला तेव्हा माहीत होतं, पिक्चर आहे म्हणून?"

जितेशला खोटं बोलता आलं असतं. पण तिच्यासमोर ते त्याला कधी जमलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

पाट सावरून ती घरी गेली.

त्यानंतर शेवरपाडा हळूहळू हलू लागला. भांडण नाही, तंटा नाही. राखण्या काय करणार ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. एकाने पाड्यामागच्या टेकडीवर झोपडं बांधलं, मग दुसऱ्याने, मग तिथवर पाण्याचा नळ गेला. मोठ्या आळीत उलटं झालं. आपल्याला धोका नाही म्हणून लोक निर्धास्त झाले आणि बंधाच्या अगदी पायथ्याशी नवी घरं उठली. पूर्वी तिथे कुणी गोठासुद्धा बांधला नसता. डॉक्टर टिळेकर गावात आल्या की रिकामा पाडा बघून म्हणत, "तुमच्या पिक्चरने माणसं वाचवली हो."

पाड्यात एकटी नयना राहिली. तिचा नवरा यशवंत टेकडीवर गेला, तिथून तिला हाका मारून दमला. "माझे गुडघे टेकडी चढत नाहीत," ती सगळ्यांना सांगे. गुडघे दुखत होते, हे खरं होतं. पण कारण ते नव्हतं.

जितेशचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. कुणाला सांगावं असं मोठं काही नव्हतं. जेवायला बसला की ताटातला भात त्याला कुणीतरी दाखवत असल्यासारखा वाटे. बायको भांडायला लागली की तो तिच्याकडे कौतुकाने बघत राही, छान काम करते म्हणून. चुलत्याच्या मयताला सगळे रडत होते आणि त्याला वाटत होतं, आता दिवे लागतील. मग तो हळूच डोक्याला हात लावून बघे. टोपी लागत नसे. मग त्याला बरं वाटे.

स्नेहलने, म्हणजे त्याच्या बायकोने, हे पकडलं. "सारखं डोकं काय चाचपता? केस उगवले का बघता की काय?"

पुढच्या तपासणीला त्याने डॉक्टरांना सांगितलं.

"होतं असं काही जणांना," डॉक्टर म्हणाल्या. "खुर्चीतल्या माणसाला आपण एकदा दांडगाईने बाहेर काढलं ना? तो परत आला की जरा जास्तच घट्ट धरून बसतो. खऱ्यालाही खोटं म्हणतो. हळूहळू सैल होईल."

"मी डोक्याला हात लावून बघतो. टोपी नसली की खरं."

डॉक्टर प्रामाणिक बाई होत्या. ऐकणाऱ्याला काय सोसेल याचा अंदाज घेऊन बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या म्हणाल्या, "त्याने काही कळणार नाही, जितेश. कसोटीतसुद्धा हाताला टोपी लागली नसती. तुम्ही जे चाचपलं असतं, ते डोकंही पिक्चरमधलंच."

"मग ओळखायचं कसं?"

"ओळखायची गरजच पडू नये. आपल्याला कुठे पडते?"

त्या पुढच्या गावाला गेल्या. जितेश बराच वेळ बंधावर बसला. त्याच्याकडे आधाराला एकच काठी होती, डोकं चाचपून बघायची, आणि तीही त्यांनी काढून घेतली होती. अर्थात त्यांना ते कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही नीट कळलं नव्हतं.

भाऊबीजेला तो शेवरपाड्यात गेला. ओसाड वस्तीत एकाच घरापुढे रांगोळी होती. नयनाने पाट मांडला, ओवाळलं.

"ओवाळणी काय देऊ?" त्याने विचारलं.

"मागेन ते देशील?"

"चंद्र सोडून."

"फोन उचलायचा. मी केला की उचलायचा. काही का चाललेलं असेना."

त्या क्षणी सगळं खरं होतं, समईसुद्धा, करंजीसुद्धा. "उचलीन," तो म्हणाला. "शब्द. पण ताई, तू टेकडीवर का जात नाहीस? गुडघ्यांचं मला सांगू नको. पाठीवर घालून नेतो."

नयनाने तबक खाली ठेवलं. "तू परत उघडणार नाहीस म्हणून."

"काय?"

"ज्यांना वाटतं तू उघडशील, ते गेले. मी तुला जमिनीवर पडून रडताना बघितलंय. एकदा ज्याने ते सोसलं, तो दुसऱ्यांदा करत नाही. काहीतरी तोड काढतो. मी गेले तर तुला काय वाटेल? ताईचासुद्धा विश्वास राहिला नाही."

"ताई, हे वेड आहे."

"असू दे. करंजी खा."

तिचा तर्क कुणालाही पटला असता. चटका बसलेलं पोर पुन्हा विस्तवाला हात लावत नाही. पण त्या पोराला पहिला विस्तव खोटा होता असं सांगितलेलं नसतं.

श्रावणातल्या अमावास्येला ते तिन्ही एका वेळी आले. दुपारची वेळ होती, पण दिवे लावावे लागले इतकं अंधारलं होतं. दोन्हीकडे भोंगे वाजू लागले. बंध मधोमध पाझरत होता. मोठ्या आळीतून निघायचे रस्ते आधीच पाण्याखाली गेले होते.

जितेश चौकीत उभा राहिला. समोर तापफलक. मोठ्या आळीत ठिपकेच ठिपके, बंधाच्या पायथ्याशी तर नवी दाटी. शेवरपाड्यात एकच ठिपका. तो कुणाचा ते सांगायची गरज नव्हती.

वारा घोंघावत होता. पायाखालची फरशी थरथरत होती. हे सगळं त्याने बघितलेलं होतं. हाच आवाज, हीच थरथर. मागच्या वेळी पाड्यात ठिपके जास्त होते, एवढाच फरक. या खेपेला त्यांनी सोपं केलंय, त्याला वाटलं. छाती धडधडत नव्हती. त्याने डोक्याला हात लावला. ओले केस. त्याने काही कळत नाही, हे त्याला आठवलं.

फोन वाजला. ताई.

त्याने लगेच उचलला.

"जितू," नयना म्हणाली. "भोंगा वाजतोय रे. तू काही उघडणार नाहीस, मला ठाऊक आहे. पण आपलं विचारते. माळ्यावर चढून बसू का? शिडी लावलेली आहे."

किती हुबेहूब आवाज काढलाय, त्याच्या मनात आलं. खरखरसुद्धा तीच. त्याला तिची माया आली. पडद्यावरच्या माणसाचीही येतेच ना.

"नको ताई," तो समजुतीने म्हणाला. "कशाला त्या शिडीच्या भानगडीत पडतेस? गुडघे दुखतील. बस खाली निवांत. आता दिवे लागतील."

"दिवे?"

"हो. झालंच आता."

"बरं बाई," ती म्हणाली. तिला हायसं वाटलेलं ऐकू येत होतं. "फोन उचललास रे."

"शब्द दिला होता ना."

फोन कानाला तसाच धरून त्याने शेवरपाड्याचं बटण दाबलं. उघाडी सरकली. बंधाची थरथर कमी होत गेली आणि थांबली. फलकावरचा एकटा ठिपका थोडा हलला, शिडीच्या दिशेने असेल, आणि मग थंड झाला. या खेपेला कुणी ओरडलं नाही. जितेश खुर्ची ओढून बसला आणि वाट बघू लागला.

पाणी उतरल्यावर डॉक्टर टिळेकर बोटीने आल्या. वाटेत त्या शेवरपाड्यात थांबल्या होत्या. नयनाच्या घरात पाणी भिंतीच्या निम्म्यावर चढल्याची रेघ होती. वरचा माळा कोरडा होता. तिथल्या लोणच्याच्या बरण्यांवर बांधलेली फडकीसुद्धा भिजली नव्हती. चौकीत झालेलं बोलणं नोंदलं जात असे, तेही त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्याबरोबर यशवंत होता. तो चौकीत आला नाही, बोटीतच बसून राहिला.

"मोठी आळी पूर्ण वाचली," डॉक्टर म्हणाल्या. याच्यापुढे काय बोलायचं ते त्यांनी बोटीत ठरवलं होतं, पण आता ते आठवेना. "निर्णय... निर्णय बरोबर होता, जितेश."

"पास झालो ना?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी दारातून बोटीकडे बघितलं.

"ताईचं काम फार चांगलं केलंय हो तुम्ही," तो म्हणाला. "तिला दाखवायला पाहिजे. मागच्या वेळी रागावली होती, फोन उचलला नाही म्हणून. या खेपेला उचललाय. बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग काढा की आता. किती वेळ ठेवणार?"

आणि टोपी काढणाऱ्याला सोपं जावं म्हणून त्याने डोकं पुढे केलं. डॉक्टरांचा हात वर आला आणि त्याच्या केसांपाशी तसाच थांबला. जितेश डोळे मिटून, मान खाली घालून शांतपणे बसला होता.